पुतळ्याची टोपी

हदगावच्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायला रामलिंग नावाचा प्रशिक्षक आला होता. त्यानं मैदानात कडब्याचा पुतळा उभा केला आणि मुलींच्या हातात काठ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं पुतळ्याच्या डोक्यावर जाळीची पांढरी टोपी चढवली. "हं, आता मारा जोरात!" मुली हसत मारू लागल्या. तहसीनचा नंबर आला. तशीच टोपी तिचे अब्बा घालत. ती काठी धरून नुसती उभी राहिली. पीटीच्या दामिनीबाई धावत आल्या आणि त्यांनी टोपी काढून घेतली. "मॅडम, नुसता पुतळा तर हाय," रामलिंग म्हणाला. "मग टोपी कशाला लागली? उचला तुमचं सामान." तो गेला. बाईंनी तहसीनला जवळ घेतलं. तेवढ्यात तिच्याच बाकावर बसणारी साक्षी काठी घेऊन पुढं आली. "बाई, टोपी काढली. मंग आता कुणाला मारायचं?"