तांदळातले नाव

आचलने संगणकाची कूस उघडली आणि आतली हार्ड डिस्कची चपटी तार हलकेच उपटून बाजूला ठेवली. दुपार कलली होती. कृषी केंद्राचे शटर अर्ध्यावर ओढलेले. त्याखालून संत्र्यांच्या बहराचा वास जमिनीलगत आत येत होता, एखादे जनावर सावली शोधत यावे तसा.

“दुकानाचं सारं त्याच डब्ब्यात हाये,” खताच्या पोत्यावर बसलेला तिचा नवरा, हेमराज, म्हणाला. “पुसलं गेलं तर बाबूजी मले पोत्यात भरून शिवतीन.”

“म्हणून तर तार काढली. आता ह्याले दुकान आठवतच नाई.”

टपालाने आलेली सीडी आत सरकली आणि घरघरू लागली. तिच्यावरची संगणक-प्रणाली आचलला अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर उतरवायची होती. एकदा ती तिथे नांदू लागली की कुठलेही यंत्र चालणार होते, दुकानातले काय नि वर्ध्याच्या कॉलेजातले काय. पर्समधून काढावे, खोचावे आणि आपले अंगण उघडावे. आजवर तिने या यंत्रात जे जे ठेवले ते धाकट्या दिराने सिनेमांना जागा करताना पुसून टाकले होते. परीक्षेचा प्रकल्पसुद्धा.

पडद्यावर तांबूस उजेड पसरला. मग जगाचा नकाशा उमटला, ठिपक्याठिपक्यांचा, रात्रीच्या आभाळासारखा. आपण कुठे राहता, असा प्रश्न होता. आचल ठिपके निरखत राहिली. आपली आष्टी नव्हती, वर्धा नव्हते. अवघ्या देशाला कोलकात्याचा एकच ठिपका. तिने तोच निवडला, आणि क्षणभर तिला वाटले, ही पोती, हे अर्धे शटर, आपण दोघे, सारेच त्या ठिपक्यात वजन हरवून तरंगत आहोत.

कुठे उतरू, असे यंत्राने विचारले. तार काढल्यामुळे जागा एकच उरली होती, खोचलेला पेन ड्राइव्ह.

मग त्याने विचारले: आपले नाव काय?

आचलची बोटे कळांवर थबकली. चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती.

“काऊन थांबली?” हेमराज म्हणाला. “हेमलता टाक ना.”

तिने कळांवरची बोटे मागे घेतली.

“सोन्याच्या अंगठीनं लिहिलं होतं मी, ताटातल्या तांदळात. सारे पाहुणे पाहून राह्यले होते.”

“त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खिचडी झाली,” आचल म्हणाली. “मीच रांधली.”

“मंग नाव कुठं गेलं?”

“तुम्ही दोनदा मागून घेतली.”

हेमराज हसला. हसू ओसरले तरी तो तिच्या बोटांकडेच पाहत राहिला. लग्नाच्या दिवशी, स्वतःच्या नावाशी जुळणारे ते नाव गिरवताना, त्याची नजर तांदळावरून हलली नव्हती. समोर बसलेलीचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, हे त्याला आता काही केल्या आठवेना.

“ते तुम्ही लिहिलं होतं,” ती हळूच म्हणाली. “हे मी लिहून राह्यली.”

आणि तिने एकेक अक्षर उमटवले. आचल. लग्नपत्रिकेनंतर हे नाव त्याने कुठेच लिहिलेले पाहिले नव्हते. यंत्राने ते निमूटपणे स्वीकारले, जणू त्याला दुसरे कुठले ठाऊकच नव्हते.

“आता काय मागते?”

“गुप्त शब्द.”

“मले सांगशीन?”

आचलने त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, खोल पाण्यातून वर पाहावे तसे. हेमराज पोत्यावर वळला आणि शटरखालच्या उजेडाकडे तोंड करून बसला. मागे कळा टिकटिकल्या, थांबल्या, पुन्हा तेवढ्याच टिकटिकल्या. मग एक निळी पट्टी अतिशय संथपणे भरू लागली.

घरातून शोभाबाईंची, हेमराजच्या आईची, हाक आली.

“हेमराज, हेमलता हाये का रे तिथं? चहाची येळ झाली.”

आचल उठू लागली. हेमराजने तिच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे.

“नाई वं माय,” तो म्हणाला. “हेमलता नाई इथं. चहा मी मांडतो.”

तो आत गेला, आणि जाताना मधले दार आपल्यामागे हलकेच लोटून घेतले.