वरचा दात

महिनाभर ताई भाच्याचे फोटो पाठवत होती, पण एकातही त्याचं तोंड उघडं नव्हतं. वर रोज फोनवर विचारायची, "हेल्मेट घातलंस ना?" नक्की काहीतरी लपवतेय. रविवारी न कळवता नाशिकहून निफाड गाठलं. मला बघताच तिनं बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं. मी ते सरकवलं. खालची हिरडी कोरी होती आणि वर इवलासा दात होता. "वरचा आधी आला की मामाला वाईट असतं," ती पुटपुटली. दातांवर संशोधन करणारा मी हसलो. "पेशी हाड पोखरून वाट करतात, आत मूळ वाढतं, दात बाहेर येतो. त्यात मामा कुठंच नसतो." "असेल. पण मला भाऊ एकच आहे." परतताना हेल्मेट नेहमीसारखं बाइकच्या आरशाला लटकत होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. गाडी बाजूला घेतली आणि पट्टा हनुवटीखाली आवळला.