चाळीसच्या वर

"काका, इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल नवीन टाकलंय, आता पळवा," बोनेट लावत सत्तार मिस्त्री म्हणाला. "गाडी चाळीसच्या वर जाईना, तरी पार बंद पडेपर्यंत आला नाहीत. बैलगाडी हाकत होता काय?"

मी पैसे मोजून त्याच्या हातात ठेवले. माझी बायको शालन वारल्यापासून मला घरी लवकर पोचायचंच नव्हतं. बाजारात डाळिंबं उतरवून हळूहळू अंधारात परतायचं आणि न जेवता आडवं व्हायचं.

आज पिकअप उजेडातच दारात आली. कुलपाकडे बघत मी इंजिन चालू ठेवून बसून राहिलो.

शेजारच्या यमुनावहिनी कुंपणापाशी आल्या. "भावजी, रोज तुमच्या पायरीवर झाकून ठेवते ती भाकरी सकाळी कुत्रं खातं. आज तरी तुम्ही खा. तव्यावर आहे."

मी गाडी बंद केली.