ऐकणाऱ्याचं नाव

"हे वाक्य तिचं नाही!" पेपरच्या कचेरीत शिरत स्टॅथिस सरांनी डाव्या हाताने वर्तमानपत्र मार्केलाच्या टेबलावर आपटलं. उजवा हात कोटाच्या खिशातच होता.

पानावर त्यांच्या बायकोचा, अर्गिरोचा फोटो होता. खाली ठळक अक्षरांत, वणव्यातले तिचे शेवटचे शब्द: ‘तू समुद्राकडे पळ. मी आलेच मागून.’

"बसा ना सर. कॉफी सांगते."

"कॉफी नको. उद्या तिचा चाळिसावा दिवस. घरी स्मरणविधीच्या प्रसादाचा गहू शिजतोय. आणि नगरपालिका हे वाक्य संगमरवरात कोरून चौकात लावतेय. थांबव ते."

ती बातमी लिहिणारी मार्केला त्यांचीच विद्यार्थिनी. इतिहास त्यांच्याकडेच शिकलेली.

"गावाला किती धीर आला त्याने," ती हळूच म्हणाली.

"धीर कसला! चर्चच्या दारात बायका माझा हात धरून रडतात. काय शिकवलं होतं मी तुम्हाला? अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो इतिहासकार. लिहायचा कसा? ‘हे मला अमक्या गावच्या लोकांनी सांगितलं, मला पटत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.’ आणि तू? ‘शेवटचे शब्द’! कोणी ऐकले ते? त्याबद्दल अवाक्षर नाही."

"दुसराही होता ना, सर? प्रसंगाला शोभेल असं भाषण रचून माणसांच्या तोंडी घालणारा. तुमचा तर तोच लाडका."

"अगं, पण त्याने ते ग्रंथाच्या सुरुवातीलाच कबूल केलं होतं! तुमच्या पेपरात कुठल्या पानावर आहे कबुली?"

मार्केला मान खाली घालून बसली. "सांगणाऱ्याचं नाव मीच गाळलं. मुद्दाम."

"का?"

"दया आली म्हणून."

"बातमीत दया? आणि तिच्या तोंडी खोटं घातलं गेलं, त्याचं काय? उद्या दगडावर चढलं की तेच खरं होऊन बसेल. नाव छाप त्याचं. पहिल्या पानावर."

"सर, नका ना. राहू द्या."

"घे पेन."

तिने पेन उचललं. सरांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत, वर्गात सांगायचे तसे सावकाश सांगू लागले.

"लिही. ‘ते वाक्य तिचा नवरा स्टॅथिस याने दवाखान्यात आमच्या वार्ताहराला सांगितलं. ते त्याने रचलेलं होतं. अर्गिरो एवढंच म्हणाली होती: स्टॅथी, माझा हात सोडू नकोस.’"