दुर्बिणीची चकरी

बसवेशचा छर्रा लोखंडी सशातल्या भोकाखाली आदळला. छर्रा भोकात गेला तरच पडणारा ससा उभाच राहिला. जळकोटच्या माळावर जिल्ह्याच्या नेमबाजीस्पर्धेत शेवटच्या निशाण्यापर्यंत तो आणि मोठी बहीण शिवरंजनी बरोबरीत होते. राज्यसंघात जागा एकच, घरात एअर रायफलही एकच. ती तिच्या हाती देताना त्याला दुर्बिणीची चकरी दिसली. मघाच्या जवळच्या निशाण्यानंतर ती नव्या अंतरावर फिरवायलाच तो विसरला होता. भावावर विसंबून शिवरंजनी तशीच गुडघा टेकून बसली, कोपर मांडीवर रोवलं. आपण बोललो नाही, तर तिचाही नेम चुकेल आणि पुन्हा संधी मिळेल. वारा कळावा म्हणून नळीला बांधलेला लोकरीचा धागा स्थिरावला. तिचं बोट चापावर गेलं. “अक्का, थांब! चकरी तीसवर हाय, पंचेचाळीसवर घे!” तिनं चकरी फिरवली. ससा धाडकन मागं कोसळला. “येड्या, गप बसला असतास तर?” “गप बसलोच होतो की, लई वेळ.”