घड्याळजींचा उशीर

"संशय हा प्रेमाचा प्राण आहे. ज्या घरात संशय नाही त्या घरात प्रेम नाही, नुसता शेजार आहे," असं लेखिकाबाईंनी सकाळच्या चहाला जाहीर केलं आणि लगेच विचारलं, "अहो, माझा चष्मा पाहिलात का?"

नवऱ्याने तो त्यांच्या डोक्यावरून उतरवला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि नाकावर बसवून दिला. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि भांडणांचा आकडा अजून शून्यावरून हलला नव्हता.

बाईंची टीव्हीवरची मालिका मात्र संशयावरच जगत होती. तिचा नायक बायकोचा पाठलाग करी, तिचे निरोप चोरून वाची, तिला खोलीत कोंडी आणि दर शुक्रवारी तिचा फोन भिंतीवर आपटी. मग स्वतःच रडे. मग ती त्याचे डोळे पुसे. प्रेक्षक म्हणत, काय जीव आहे हो त्याचा तिच्यावर!

असे सातशे भाग सुखाने गेले. पण फोन तरी किती फोडणार? लोक कंटाळले. निर्मात्याने सांगून टाकलं, "बाई, संशयाला कारण नवं पाहिजे, आणि ते खरं वाटलं पाहिजे. पंधरा दिवसांत काही घडलं नाही तर मालिका बंद."

बाई तीन दिवस कोऱ्या कागदाकडे बघत बसल्या. कागदही त्यांच्याकडे बघत बसला.

चौथ्या दिवशी घड्याळजी चाळीस मिनिटं उशिरा घरी आले. हा माणूस सहाच्या ठोक्याला उंबरठ्यावर असे. समोरची आजी त्यांना बघून आपलं घड्याळ लावून घेई.

"उशीर झाला," ते म्हणाले आणि दारातच जरा रेंगाळले.

"चाळीस मिनिटं," बाई पुटपुटल्या आणि टेबलाकडे धावल्या. त्या आठवड्यात मालिकेतली नायिका चाळीस मिनिटं उशिरा घरी आली. भाग दणक्यात गेला.

दोन दिवसांनी घड्याळजींच्या शर्टाला बायकी सेंटचा वास आला. बाईंनी डोळे मिटून तो हुंगला.

"अहो, हा कुठला सेंट?"

"का गं?" घड्याळजींनी मान वर केली.

"नायिकेच्या रुमालाला लावते. भारी आहे."

मग त्यांच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं निघाली. मग खांद्यावर एक लांब, तांबूस केस निघाला. जे निघेल ते बाई मालिकेत घालत गेल्या. नायकाला दम खायला फुरसत उरली नाही.

बाईंची धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहायची. ती दातांची डॉक्टर. कुठे कीड लागली की तिला आधी दिसे. एका दुपारी ती तडक खाली आली.

"ताई, तुझं घर पेटलंय आणि तू त्यावर हात शेकत बसलीयेस."

"काय झालं?"

"भावजी बागेत बाकावर बसले होते. भर दुपारी. हातात दोन आइस्क्रीम."

"दोन?" बाईंनी वही उघडली. "वितळत होती का?"

"मला काय माहीत!"

"अगं, महत्त्वाचं आहे ते. वितळत असतील तर ती अजून यायची होती. म्हणजे प्रसंग वेगळा."

बहिणीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात निर्मात्याचा फोन आला. मालिका वाचली होती. वर आणखी दोनशे भाग वाढवून मिळाले होते. बाईंनी फोन ठेवला आणि बहिणीला गच्च मिठी मारली.

"तुला आनंद कसला होतोय?" बहीण म्हणाली. "मालिका वाचली, नवरा चाललाय."

"वेडी आहेस. बस इथे." बाईंनी वहीचं एक पान तिच्यापुढे धरलं. त्यावर तो तांबूस केस ठेवला होता. "अंगावर पडलेला केस वाकडातिकडा पडतो. हा खांद्याच्या बरोबर मधोमध होता, सरळ रेषेत, दोन्ही टोकांना गोंदाचा ठिपका. काटा बसवावा तसा चिमट्याने बसवलाय. तिकिटं बघितलीस? दोन्ही न फाडलेली. आणि ती दोन्ही आइस्क्रीम रोज हेच खात असणार. चार दिवस घसा बसलाय यांचा."

"म्हणजे?"

"म्हणजे मला विषय सुचत नव्हता ना, ते बघवलं नाही त्यांना. रोज काहीतरी आणून माझ्यापुढे ठेवत होते. तोंडाने एक शब्द नाही बोलले."

बहिणीने तो केस उजेडात धरून पाहिला. "आमचे हे तर तुझी मालिका लागली की बातम्या लावतात," ती म्हणाली आणि डोळे पुसत जिना चढून गेली.

संध्याकाळी घड्याळजी पन्नास मिनिटं उशिरा आले. बाई दारातच उभ्या होत्या.

"अहो, मला सगळं कळलंय."

घड्याळजींचा चेहरा एकदम उजळला. "कळलं?" बसलेल्या घशातून त्यांनी विचारलं.

"त्या केसापासूनच. आज मालिका वाचली, दोनशे भाग वाढले. माझ्या मालिकेसाठी इतकं कुणी केलं नसतं."

"मालिकेसाठी," घड्याळजी म्हणाले. त्यांनी बूट काढले आणि भिंतीशी एका ओळीत लावून ठेवले.

"आज काय हवं ते मागा. नाही म्हणणार नाही."

घड्याळजींनी जरा विचार केला.

"एकदा विचारशील, ती कोण म्हणून?" ते म्हणाले. "हळू विचारलंस तरी चालेल."