खाऱ्या टाकीतली लाल साय

मुजम्मिलनं बाही वर सारून हात टाकीत घातला आणि दगडावरचा लाल थर चिमटीत धरून ओढला. दुधावरची साय निघावी तसा तो अख्खा निघून आला.

"वैनी, हे शेवाळ न्हवंच," तो म्हणाला. "ते तिकडं हिरवं केसागत वाढलंय, ते शेवाळ. ते दगड सोडत न्हाय. हे लाल म्हंजे जंतू हैत. पाण्यात कायतरी कुजल्याबिगर येत न्हाईत."

वर्षाराणी टाकीजवळ सरकली. कुजणार काय? पाणी ती स्वतः बदलायची, काच पुसायची, माशांना खाणं चिमटीनं घालायची. तिचा नवरा यशराज बोटीवर नोकरीला होता. जाताना त्यानं सगळं तिला बैजवार शिकवलं होतं. मुजम्मिल त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मासे-टाक्यांचं दुकान चालवणारा. दोघांनी रत्नागिरीहून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणून ही टाकी उभी केली होती. कोल्हापुरात घरात समुद्र, म्हणून सगळी गल्ली बघायला लोटली होती.

उन्हाळ्यात यशराज बोटीवरनं समुद्रात पडला. सापडलाच नाही. कंपनीचा फोन सासऱ्यांनी, गणपतरावांनी, घेतला आणि तिथंच ठरवून टाकलं की आक्काला यातलं काही कळू द्यायचं नाही. आक्का म्हणजे यशराजची आई. तिच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि धक्का बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जरा सावरली की सांगू, म्हणता म्हणता गणपती येऊन गेले.

तेव्हापासून वर्षाराणी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कुंकू लावत होती. आक्कासाठी. यांचा मेसेज आलाय म्हणून फोनकडं बघत काहीबाही वाचून दाखवत होती. रडायचं ते न्हाणीत नळ सोडून. माणसानं सोसायचं तरी किती!

आणि त्यात आता ही टाकी. यशराज पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा आक्का म्हणाली होती, टाकी बरी तर माझं पोरगं बरं. अजूनही ती रोज दुपारी टाकीपुढं खुर्ची ओढून बसायची. टाकी मेली तर ती काय समजायचं ते समजणार, आणि मग तिचं काही खरं नव्हतं. गणपतरावांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काय वाट्टेल ते कर पोरी, पण ती टाकी जगव.

मुजम्मिलनं सुरुवातीला दिव्यांवर संशय घेतला होता. दिवे कमी केले, लाल साय हटली नाही. मग पाण्याचा फिल्टर बदलला, दगड उचलून मेलेली गोगलगाय शोधली. तीही सापडली नाही. तोवर टाकीतलं प्रवाळ आक्रसत चाललं होतं आणि आक्का विचारायला लागली होती, अगं, ही टाकी अशी का झालीया?

आज त्यानं पाणी तपासलं तर नळीतला रंग गडद निळा झाला. फॉस्फेट वाढलं होतं, म्हणजे टाकीत बाहेरचं खाणं पडत होतं. त्यानं पाइप लावून तळाची वाळू उपसली. बादलीत पाण्याबरोबर भाताची शितं आली, सुजलेली, आंबूस वासाची.

मुजम्मिलला हसू फुटलं. "आक्का भात घालतीया वैनी. रंकाळ्यावर माशास्नी चुरमुरं घालत्यात, तसंच. हे मासं भाताला तोंड लावत न्हाईत, मग तो तळाला कुजतोय. गोड बोलून बंद करा तेवढं."

वर्षाराणीला एकदम हायसं वाटलं. इतके दिवस जीव टांगणीला लागलेला, आणि कारण काय तर मूठभर भात! तिला राग आला आणि रागातच हसूही आलं.

रात्री जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. आक्का ताटातून मान वर न करता म्हणाली, मी कशाला घालू? एवढ्यावर विषय संपला. जास्त ताणून धरायची वर्षाराणीला भीती वाटली. काही उलटसुलट बोलणं होऊन आक्काची छाती दुखायला लागली तर? त्यापेक्षा घालताना धरावं, हसण्यावारी न्यावं आणि समजावून सांगावं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजाराला जाते म्हणून ती पिशवी घेऊन निघाली आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं घरात आली. चप्पल हातात घेऊन ती स्वयंपाकघर ओलांडून गेली. टाकी ठेवलेल्या बाहेरच्या सोप्याच्या दाराशी येताना तिच्या ओठांवर हसू तयार होतं.

आक्का डोक्यावरनं पदर घेऊन टाकीपुढं उभी होती, दक्षिणेकडं तोंड करून. हातातल्या वाटीत भाताचा गोळा होता. तिनं त्यावर चिमूटभर काळे तीळ टाकले, गोळा अलगद पाण्यात सोडला आणि हात जोडले.

वर्षाराणी दाराला धरून उभी राहिली. तिला पुढं जाता येईना आणि मागंही.

केशरी मासा खालनं वर आला. गोळ्याभोवती एक फेरी मारली आणि तोंड न लावताच निघून गेला.

"आजबी शिवला न्हाईस," आक्का हळू आवाजात म्हणाली. "रोज येगळं कबूल करती तुला. तुझ्या बाला जपीन म्हणलं, औषध चुकवणार न्हाय म्हणलं. कशात जीव अडकलाय, मला कळतंय रं." तिनं पदरानं डोळे पुसले. "वर्षाचं दुसरं लगीन मी माझ्या हातानं लावून देईन, यशा. आता तरी शीव की बाबा."